पावसाची नोंदवही आणि कोष्टकांचा परस्परसंबंध

पावसाळा सुरू झाला की पुष्कळ शाळांतील फळ्याच्या कोपऱ्यात ‘आजचा पाऊस’ हे शब्द आणि त्यांपुढे एक आकडा दिसू लागतो. कोठे हा आकडा शाळेच्या पर्जन्यमापकाचा असतो, कोठे वर्तमानपत्रातील, तर अलीकडे बहुधा शिक्षकांच्या मोबाइलवरील. सायंकाळी फळा पुसला जातो आणि त्याबरोबर आकडाही जातो. ऑगस्टच्या अखेरीस एखाद्या मुलाने विचारले की, जुलैत सलग किती दिवस कोरडे गेले, तर उत्तर शोधण्यास हाती काहीच उरलेले नसते.

प्रस्तुत पाठ सातवी-आठवीच्या वर्गांना भूगोल व गणित शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. हवामानाचे आकडे पुरविणाऱ्या सेवेकडून संगणकाने रोज ठराविक वेळी आकडे मागवावेत, ते परस्परसंबंधित कोष्टकांत उतरवून ठेवावेत, आणि हे काम कोणाच्या आठवणीवर न सोडता आपोआप व्हावे, अशी ही योजना आहे. यंत्र जोडणे हा त्यातील सोपा भाग होय. आकडा कोणत्या ठिकाणचा, कोणत्या चोवीस तासांचा, मोजलेला की गणिताने काढलेला, हे न ठरविता केलेली नोंद मात्र नोंद नसल्यापेक्षाही अधिक फसवी असते. म्हणून पाठाचा बराच भाग ह्या ठरविण्याविषयी आहे.

शाळेत आधीच असलेला डेटाबेस

संबंधात्मक डेटाबेस हे नाव नवे वाटले तरी त्यातील व्यवस्था शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहे. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाची नोंद एकदाच होते: नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, दाखल झाल्याचा दिनांक. त्या नोंदीस एक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणास दिला जात नाही. हजेरीपत्रकात मुलाची जन्मतारीख रोज लिहीत नाहीत, निकालपत्रकात त्याचे जन्मस्थळ पुन्हा विचारीत नाहीत. क्रमांकावरून मूळ रजिस्टरापर्यंत केव्हाही जाता येते. वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असल्या तरी गल्लत होत नाही, कारण क्रमांक निराळे. आणि रजिस्टरात ज्याची नोंद नाही त्याची हजेरी मांडली, तर तपासणीच्या वेळी ती उघडी पडते.

आयबीएम कंपनीत काम करणारे एडगर कॉड ह्यांनी १९७० साली एका निबंधात जी कल्पना मांडली ती मुळात हीच. माहिती कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक ओळीस तिची ओळख पटविणारी किल्ली असावी, आणि एका कोष्टकाने दुसऱ्याचा उल्लेख त्या किल्लीनेच करावा. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनी अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. जनरल रजिस्टर त्याहून कितीतरी जुने आहे, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.

पावसासाठी तीन कोष्टके पुरतात. पहिले स्थळांचे: स्थळाचा क्रमांक, गावाचे नाव, अक्षांश, रेखांश. क्रमांक म्हणून शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक घ्यावा. तो आधीच ठरलेला आहे आणि दुसऱ्या शाळेचा तोच असण्याची भीती नाही. दुसरे कोष्टक सेवेकडून येणाऱ्या ताशी पावसाचे: स्थळक्रमांक, वेळ, मिलिमीटर, आणि हा आकडा केव्हा आणला ती वेळ. तिसरे शाळेच्या पर्जन्यमापकाचे: स्थळक्रमांक, दिनांक, मिलिमीटर, शेरा. दुसरे आणि तिसरे कोष्टक एक करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दोन्हींत मिलिमीटर असले तरी ते मिलिमीटर एका जातीचे नव्हेत.

सेवा नेमके काय देते

उदाहरणासाठी ओपन-मेटिओ ही सेवा घेतली आहे. अव्यापारी उपयोगासाठी ती विनामूल्य आहे, नावनोंदणी किंवा गुप्त किल्ली लागत नाही, आणि दिवसाला दहा हजारांपर्यंत विचारणा करण्याची मुभा आहे. शाळेला रोज एक पुरते. अक्षांश, रेखांश आणि ‘ताशी पर्जन्य’ एवढे पत्त्यात लिहून पाठविले की उत्तर येते.

परंतु हे उत्तर गावच्या पर्जन्यमापकातून आलेले नसते. जगातील हवामानसंस्था वातावरणाचे गणित संगणकावर मांडतात. त्यासाठी पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनास एक आकडा मिळतो. सेवा तो आकडा देते. चौकोन किती मोठा ह्यावर त्याची किंमत अवलंबून असते. सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवल्यास ही गोष्ट लगेच पटते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात माण तालुक्यातील दहिवडीला पाचशेच्या आसपास. ही दोन गावे सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहेत. ह्याहून बोलके उदाहरण पाचगणीचे. ती महाबळेश्वरपासून वीस किलोमीटरांच्या आत आहे, आणि तरी तिचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. ईआरए-५ ह्या युरोपीय संग्रहात १९४० पासूनचे ताशी आकडे मिळतात, पण त्यातील चौकोन पाव अंशाचा, म्हणजे एका बाजूस सुमारे पंचवीस किलोमीटरांचा आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी त्यात एकाच चौकोनात पडतात. दोघींना एकच पाऊस! घाटमाथ्यावरील शाळेतील मुलांना ह्यात हसू येईल, आणि ते योग्यच आहे.

म्हणून सेवेच्या आकड्यास ‘पडलेला पाऊस’ न म्हणता ‘काढलेला पाऊस’ म्हणावे, आणि शाळेच्या आकड्यास ‘मोजलेला’. महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध योजनेखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तेथील आकडा मोजलेल्या जातीचा. तो मिळाल्यास त्यासाठी चौथे कोष्टक करावे, तिसऱ्यात घुसडू नये.

दिवस कोणता?

पाठाचा गाभा येथे आहे. शिक्षकांनी ह्या भागास एक पूर्ण तास द्यावा.

समजा, १४ जुलैच्या रात्री नऊला वळीव कोसळू लागला आणि पहाटे चारला थांबला. मध्यरात्रीपर्यंत ३८ मिलिमीटर, त्यानंतर ३२, एकूण ७०. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या रीतीप्रमाणे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आणि आदल्या साडेआठपासूनचा सारा पाऊस मोजणीच्या दिनांकापुढे लिहितात. म्हणजे शाळेच्या वहीत १५ जुलैपुढे ७० येईल. सेवेकडून भारतीय वेळेप्रमाणे दिवसाची तयार बेरीज मागितली, तर ती मध्यरात्रीस तोडलेली असेल: १४ जुलैपुढे ३८, १५ जुलैपुढे ३२. आणि वेळेचा पट्टा सांगण्यास विसरल्यास सेवा ग्रिनिचची वेळ धरते. ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, तेव्हा सारे ७० मिलिमीटर १४ जुलैपुढे जातील. पाऊस एकच, नोंदी तीन, आणि तिन्ही आपापल्या रीतीने बरोबर.

हा केवळ बारकावा नव्हे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी, हा निकष मुलांच्या घरी सर्वांना ठाऊक असतो. नुकसानीचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. वरील उदाहरणातील ७० हा अतिवृष्टीचा आकडा आहे; ३८ आणि ३२ ह्यांपैकी एकही नाही. दिवस कोठे तोडला एवढ्यावरून सोयाबीन आडवे झालेले शेत कागदावर कोरडे ठणठणीत दिसू शकते. शाळेचे कोष्टक पंचनाम्यास पुरावा म्हणून चालत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. पण आकड्याला दिवस विचारण्याची सवय मुलांना ह्याच वयात लागते.

तोड सुदैवाने सोपी आहे. साडेआठ ही वेळ विचित्र वाटते, परंतु ग्रिनिचच्या घड्याळात ती बरोबर तीनची वेळ आहे, आणि जगभरचे निरीक्षक ठरलेल्या ग्रिनिच तासांनाच नोंद घेतात. सेवेकडील प्रत्येक ताशी आकडा हा आधीच्या एका तासातील पावसाची बेरीज असतो. तेव्हा दिवसाची तयार बेरीज मागूच नये. ताशी आकडे ग्रिनिच वेळेतच घ्यावेत, तसेच कोष्टकात ठेवावेत, आणि आदल्या दिवशीच्या चारपासून आजच्या तीनपर्यंतच्या चोवीस ओळींची बेरीज करावी. ती तंतोतंत साडेआठ ते साडेआठची बेरीज होते व आजच्या दिनांकापुढे शाळेच्या आकड्याशेजारी मांडता येते. कोष्टकाच्या त्या स्तंभाचे नावच ‘वेळ ग्रिनिच’ असे ठेवावे. सेवेच्या उत्तरात वेळेपुढे पट्टा लिहिलेला नसतो, आणि सहा महिन्यांनी तो कोणासही आठवत नाही.

साखळीच्या कड्या

आता यंत्राचे काम. एन-एट-एन हे बर्लिन येथे यान ओबरहाउझर ह्यांनी सुरू केलेले साधन २०१९ मध्ये लोकांपुढे आले. त्यात पडद्यावर चौकटी मांडून त्या रेघांनी जोडतात. एका चौकटीतून निघालेली माहिती पुढच्या चौकटीत जाते. स्वतःच्या संगणकावर ते विनामूल्य चालविता येते. कोष्टकांसाठी पोस्टग्रेस्क्यूएल घ्यावे. तेही विनामूल्य आहे, आणि दोन्ही एकाच संगणकावर राहू शकतात. तालुक्यात संगणकाची जाण असलेला एखादा शिक्षक असतोच. मांडणी प्रथम त्यांच्या मदतीने करावी.

पहिली कडी घड्याळाची. ती रोज सकाळी दहाला साखळी हलविते. येथे एक खोडी आहे: स्वतःच्या संगणकावर बसविलेले एन-एट-एन, वेगळे सांगितले नाही तर, न्यूयॉर्कची वेळ धरते. सकाळी दहाचा ठोका मग पावसाळ्यात आपल्याकडे सायंकाळी साडेसातला पडतो, आणि शाळेचा संगणक तेव्हा बंद असतो. वेळेचा पट्टा ‘एशिया-कोलकाता’ असा प्रथमच ठरवून द्यावा.

दुसरी कडी निरोप्याची. ती सेवेच्या पत्त्यावर जाते आणि उत्तर आणते. फक्त कालचे आकडे मागू नयेत. प्रत्येक वेळी मागील सात दिवसांचे मागावेत. कारण वीज जाते, इंटरनेट जाते, रविवारी शाळा बंद असते. सोमवारी साखळी चालली की शनिवारची व रविवारची भोके आपोआप बुजतात.

तिसरी कडी पडताळणीची. उत्तर जेसन ह्या मांडणीत येते आणि त्यात दोन समांतर याद्या असतात: एकीत सर्व वेळा, दुसरीत सर्व आकडे. पहिली वेळ पहिल्या आकड्याची, दुसरी दुसऱ्याची. एक मुलगा पटावरील नावे वाचतो व दुसरा गुण सांगतो, आणि मध्ये एक नाव सुटते, तेव्हा पुढच्या सर्वांचे गुण सरकतात. तसाच प्रकार येथे होऊ शकतो. म्हणून दोन्ही याद्यांची लांबी सारखी आहे ना हे आधी पाहावे, मग जोड्या लावाव्यात. शिवाय सेवा पुढील तासांचा अंदाजही त्याच यादीत देते. आताच्या वेळेपुढच्या सर्व जोड्या येथेच गाळाव्यात, नाहीतर न पडलेला पाऊस वहीत चढतो.

चौथी कडी लेखनिकाची. सात दिवसांचे आकडे रोज आणल्यामुळे प्रत्येक तास सात-आठ वेळा येणार. हजेरीपत्रकात एका मुलाच्या एका दिवसाच्या चौकोनात दोन खुणा करीत नाहीत; तसे दुसऱ्या कोष्टकाची किल्ली स्थळक्रमांक व वेळ ह्या दोहोंची मिळून करावी. मग त्याच किल्लीची ओळ दुसऱ्यांदा घालू गेल्यास डेटाबेस ती नाकारतो. नुसते नाकारणेही बरे नव्हे, कारण नवी माहिती हाती आल्यावर सेवा मागील आकडे सुधारते. एन-एट-एनच्या पोस्टग्रेस कडीत ‘घाला किंवा सुधारा’ असा पर्याय आहे: ओळ नसेल तर नवी लिहा, असेल तर आकडा व आणल्याची वेळ बदला. ही रीत पाळली की साखळी एकदा चालो वा दहादा, कोष्टक तेच राहते. एखाद्याने चुकून कळ दाबली म्हणून पाऊस दुप्पट होत नाही.

स्थळक्रमांकाला पहिल्या कोष्टकाशी बांधून टाकावे. मग यू-डायस क्रमांकातील एक अंक चुकला तर ओळ आतच जात नाही. अशा नकारांनी वैतागू नये. तपासनीस दारातच उभा आहे असे समजावे.

रिकामी जागा

मुलांच्या वहीत सर्वांत अधिक चूक शून्याची होते. पर्जन्यमापक पाहिला व तो कोरडा होता, तर शून्य. पर्जन्यमापक पाहिलाच नाही, तर जागा रिकामी. सुटीनंतर वही पुरी करण्याच्या घाईत मुले (आणि कधी कधी मोठेही) दोन्ही ठिकाणी शून्य घालून मोकळी होतात. डेटाबेसात रिकाम्या जागेस ‘नल’ म्हणतात आणि तो शून्याहून पूर्णपणे वेगळा मानतात. तीन दिवसांपैकी पहिल्या दिवशी १०, दुसऱ्या दिवशी नोंद नाही, तिसऱ्या दिवशी २०, अशी स्थिती असेल तर डेटाबेस सरासरी १५ सांगतो. तो दोनच दिवस धरतो. मध्ये शून्य घातले असते तर सरासरी १० झाली असती, आणि तो पाऊस कोणी पाहिलेलाच नव्हता.

बेरजेच्या बाबतीत नल उलट दिशेने फसवितो. महिन्याची बेरीज करताना डेटाबेस रिकाम्या जागा मुकाट्याने वगळतो, आणि अपुरी बेरीज पुरी असल्यासारखी दिसते. ह्यास्तव प्रत्येक मासिक बेरजेशेजारी ‘किती दिवसांची नोंद’ ही संख्या असलीच पाहिजे. ‘जुलै, २१२ मिलिमीटर, २६ दिवस’ असे लिहिले की वाचणारा फसत नाही. शाळेच्या कोष्टकातील शेऱ्याचा स्तंभ ह्याचसाठी आहे: ‘रविवार’, ‘मापक कलंडला’, ‘शेळीने पाणी प्यायले’ असे जे खरे असेल ते तेथे लिहावे.

वर्गातील पाठ

संगणक नसलेल्या शाळेनेही हा पाठ घ्यावा. किंबहुना संगणकापूर्वी तो असाच घ्यावा. चार मुले निवडावीत. एक घड्याळ, एक निरोप्या, एक पडताळणारा, एक लेखनिक. शिक्षक स्वतः हवामानसेवा होऊन कार्यालयात बसतात. घड्याळाने टाळी वाजविली की निरोप्या कार्यालयात जातो व मागील सात दिवसांच्या आकड्यांची चिठ्ठी आणतो. पडताळणारा वेळा व आकडे मोजतो. लेखनिक भिंतीवरील कोष्टकात लिहितो. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी मुद्दाम एक आकडा सुधारून द्यावा, तिसऱ्या दिवशी एक वेळ गाळावी, चौथ्या दिवशी निरोप्यास रिकाम्या हाताने परत पाठवावे, आणि पाचव्या दिवशी उद्याचा पाऊसही चिठ्ठीत घालावा. प्रत्येक वेळी काय करावयाचे ते मुलांनीच ठरवावे. त्यांनी ठरविलेले नियम फळ्यावर लिहून काढले, तर तेच पुढे एन-एट-एनच्या चौकटींत जसेच्या तसे भरता येतात.

पर्जन्यमापकासाठी सरळ बाजूंचे भांडे घ्यावे. तळ व तोंड सारख्या रुंदीचे असल्यास पट्टीने मोजलेली खोली हाच पाऊस. भांड्याची कड जमिनीपासून सुमारे तीस सेंटिमीटर उंच असावी, आणि झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुपटीइतकी दूर असावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ काढून एका रात्रीत किती घागरी पाणी वाहून गेले, हे गणित आठवीने करावे.

जुलै संपल्यावर दोन्ही कोष्टके दिनांकाने जोडून एक कागद तयार करावा: दिनांक, मोजलेला, काढलेला, फरक, शेरा. ज्या दिवशी फरक मोठा आहे त्या दिवशी काय झाले होते, हे मुलांनी आठवून किंवा घरी विचारून लिहावे. घाटाकडील शाळांत काढलेला आकडा मोजलेल्यापेक्षा बराच कमी येण्याचा संभव आहे, आणि वळवाच्या पावसात तो कधी भलत्याच तासाला पडलेला दिसेल. त्यावरून सेवा खोटी ठरवू नये, की भांडेही खोटे ठरवू नये. हा कागद ऑगस्टमधील केंद्राच्या शिक्षण परिषदेस आणावा. शेजारच्या शाळांचे कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतील. त्यासाठी सर्वांनी मोजणी साडेआठलाच केलेली असावी, आणि कागदावरील रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवलेल्या असाव्यात.